पिवळ्या आतून, तांबड्या बाहेरून

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, सोमवार

पहिली आली ती धुरपताबाई. हातातली शेणाची पाटी ठेवायची बी शुद्ध न्हाई, तशीच ओसरीपर्यंत. तिच्या मागून तानुबाई, कडेवर पोरगं. आणि सगळ्यांत शेवटी आल्या नर्मदाबाई, ज्यांच्या घरची ती बातमी होती त्या. तोवर आमच्या ओसरीवर बातमीचा पार भुगा झालेला. आमी त्यांना त्यांचीच बातमी सांगितली आणि त्यांनी ती गुमान ऐकून घेतली. बाई लय गरीब स्वभावाची.

बातमी अशी की परभणीहून बेगमसाहेबा यायच्यात, नर्मदाबाईंच्या शाळेचा मुआइना, म्हणजे तपासणी, करायला. शाळा म्हणजे काय, त्यांच्या माहेरच्या घराची पडवी आणि अंगण. नवरा पिंगळीच्या टेशनात कामाला, ह्या इथं झरीत राहून पोरींना शिकवतात. पण सरकारात म्हणे असं हाय की घरात जरी शाळा भरवली तरी इजाजत लागते, न्हाई तर कुलूप. बेगमसाहेबा पोरींच्या शाळांवरच्या मोठ्या अंमलदार. त्यांच्या मनास आलं तर इजाजत. धुरपताबाई म्हणली, त्या घोड्यावर बसून येतात. तानुबाई म्हणली, छे, बुरखा घेऊन येतात. मी म्हटलं, दोन्ही असंल, तर दोघी माझ्यावरच चिडल्या.

हे मी लिहायले कारण नीलूचा हुकूम हाय, रोज चार ओळी. नीलू म्हणजे माझी नात नीलम्मा, शिवलिंगची थोरली. आमच्या ह्यांनी मला पोथी वाचण्यापुरती अक्षरं शिकवली होती, लिहायचं राहून गेलं. ते ह्या पोरीनं दिवाळीपासून शिकवलं. चुकलं की डोळे मोठे करते, अगदी नर्मदाबाईंसारखी. मला त्याचं लय कौतुक.

जेवताना शिवलिंग एक बोलला ते लिहून ठेवते. म्हणला, "शाळा हाय तवर पोर शाळेत जाईल. शाळेला कुलूप लागलं की मी वसमतकरांना हो म्हणणार. मग मला कुणी बोलायचं न्हाई." वसमतकर म्हणजे नीलूसाठी जो मुलगा सांगून आलाय त्या शिवरुद्राच्या घरचे. किराण्याचं दुकान हाय, गुळाच्या ढेपा छपरापर्यंत रचलेल्या असतात म्हणे. माणसं आपल्यातलीच. नीलूला बारावं लागलंय, आता किती दिवस ठेवायचं. शांतम्मा, माझी सून, भाकरी थापता थापता थांबली आणि तव्यावरची करपून गेली. तिचं हल्ली लक्ष न्हाई.

मला तर लय आनंद झालाय. बेगमसाहेबांपुढं पोरी गोफ विणणार हायत, त्यात नीलू पुढं. नातीचा नाच बी बघीन आणि नातीचं लगीन बी.

शुद्ध पंचमी, गुरुवार

दोन दिवस फुरसत न्हाई. मळ्यात शेवंती आणि झेंडू एकदमच आलाय. विहीर आमची आणि माणिकरावाची सामायिक, मोटेची पाळी एक दिवसाआड. आमची पाळी असली की दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायला, सगळं घर लागतं, आणि नेमकी त्याच दिवशी नाचाची तालीम.

गोफ काय असतो ते लिहिते. कडूलिंबाच्या फांदीला आठ दोऱ्या बांधायच्या. एकेक दोरी एकेकीच्या हातात, दुसऱ्या हातात टिपरी. नाचता नाचता दोऱ्यांची वर वेणी पडत जाते. मग उलटं नाचून ती सोडवायची. विणायला कुणालाबी येतं. सोडवताना रडू येतं. पोरी लहान, कुणी कुठून जायचं ध्यानात राहत न्हाई. म्हणून नर्मदाबाईंनी तोड काढली, चौघींना पिवळे परकर, चौघींना तांबडे. समोर पिवळी आली की तिला आतून जाऊ द्यायचं, तांबडी आली की बाहेरून. नावगाव काही आठवायचं न्हाई, नुसता समोरचीचा परकर बघायचा. पिवळ्या आतून, तांबड्या बाहेरून. पोरी आता झोपेत तेच बडबडायल्यात.

आणि परकर शिवायचे कुणी? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आमी फुलारी. देवाला आणि बाजाराला फुलं पुरवतो, हार गुंफण्यात माझी हयात गेली. धुरपताबाई म्हणली, "सुईदोरा तोच की. फुलाच्या जागी कापड." मला पटलं.

तिकडं लढाई चाललीय म्हणून दुकानात कापड न्हाई. असलं तर चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी ओळखीवर. तवा घरोघरची जुनी धोतरं गोळा केली. माणिकरावानं दिलं त्याला इतकी भोकं की त्यात भोकांनाच धोतर लावलंय म्हणावं. पिवळ्यासाठी मागल्या शिमग्याची पळसाची वाळली फुलं होती माळ्यावर, ती उकळली. तांबडा बाजारातून पुडीचा आणला. शांतम्मा म्हणत होती तुरटी टाका, रंग धरतो. तुरटी कुठं ठेवली ते आठवंना. रंग तसाबी सुरेख आला. हाताला लागतो थोडा.

शुद्ध अष्टमी, रविवार

आज सकाळी महादेवाचा गुरव आला. हातात आमची हाराची पाटी आणि पाटीत परकराची एक नाडी. झेंडूच्या हारात ती मीच गुंफली होती म्हणे. देवाला नाडी चालते का हे विचारायला तो आला होता का भांडायला, ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. मी त्याला गूळपाणी दिलं, तर गेला.

पण मी काय म्हणते, पिवळी नाडी, पिवळा झेंडू. डोळ्यांचा काय दोष.

सुई शेवंतीच्या वाफ्यात सापडली. खुरपं शिवणाच्या गाठोड्यात होतं. कात्री अजून न्हाई सापडली.

शुद्ध दशमी, मंगळवार

नीलू मळ्यात दारं धरते तवा बी नाचते. पाटाच्या ह्या काठावरून त्या काठावर उडी, गिरकी, परत उडी. शेवंतीचं एक झाड तिनं काल तुडवलं. शिवलिंग बघत होता, मी मुद्दाम मधी उभी राहिले. झाडं काय, पुन्हा येतील.

दुपारी हार करताना तिनं विचारलं, "आजी, वसमत किती लांब हाय?" म्हटलं, गाडीनं सकाळी निघालं की संध्याकाळी तिथं. मग विचारते, तिथं पोरींची शाळा हाय का. म्हटलं, असंल की, गाव मोठं हाय. मग म्हणते, लगीन झालेल्या पोरीला तिथं शाळेत बसू देतात का. मी हसले. म्हटलं, खुळे, लगीन झाल्यावर कशाला शाळा, तुला दुकानातला गूळ खायला मिळंल. मग ती दोऱ्यात फुलं ओवायची, काढायची, परत ओवायची असं करत बसली. फुलांचा चुरा झाला.

मला एक कळंना. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना काय मागायचं? इजाजत मिळू दे म्हणावं तर लगीन लांबतं. लगीन होऊ दे म्हणावं तर नर्मदाबाईंना कुलूप. दोन्ही दे म्हणावं तर शिवलिंगनं अटच अशी घातलीय की दोन्ही होत न्हाई. मी वात दोनदा पुढं सारली आणि शेवटी म्हटलं, तुला काय ते कळतंय, तू बघ. देवाला तरी कळत असंल.

मला वाटतं मी नीलूच्या वयाची होते तवा मला सासरी येऊन तीन पावसाळे झाले होते. त्याचं मला काही वाईट वाटत न्हाई. आठवतच न्हाई तर वाईट कशाचं वाटणार.

शुद्ध त्रयोदशी, शुक्रवार

जुम्म्याची सुटी, तवा दिवसभर तालीम. मी शिवण घेऊन नर्मदाबाईंच्या अंगणात बसले होते. धुरपताबाईची नात भागू, तिला ताप. आठवी पोर न्हाई तर दोरी लोंबकळत राहते, वेणी पडत न्हाई. नर्मदाबाई इकडं तिकडं बघायल्या. मी म्हटलं, द्या माझ्याकडं.

लय मजा आली. लिहायला लाज वाटते पण खरं ते लिहिते. पहिल्या फेरीला पाय चुकला, दुसऱ्या फेरीला दोन पोरी माझ्यावर आदळल्या, तिसऱ्या फेरीला मला कळलं की बघायचं नुसतं परकराकडं, बाकी डोकं चालवायचं न्हाई. मग पाय आपोआप जायले. भिंतीवरून धुरपताबाई बघत होती. म्हणली, "आता पायात चाळ तेवढे बांध, म्हातारे." म्हटलं, तू बांध, मी नाचते.

घरी आले तर मोटेची पाळी निघून गेलेली. झेंडू तहानलेला. शिवलिंगनं चप्पल जरा जोरात काढली.

नर्मदाबाई आज जाताना हळूच म्हणल्या, इजाजत मिळाली न्हाई तर मी पिंगळीला निघून जाईन, इथं बसून कुलूप बघवणार न्हाई. मी म्हटलं, काही काळजी करू नका, परकर मी शिवायलेय.

पौर्णिमा, रविवार

शांतम्माचं काय करावं. परकरांना काठ पायजे, काठ न्हाई तर परकर गोणपाटासारखा दिसतो. मी म्हटलं, जाऊ दे, झेंडूच्या माळा लावू. तर ही आत गेली, पेटी उघडली, आणि लग्नातलं इरकली लुगडं घेऊन आली. हिरवं, लाल काठाचं. मी पुढं काही म्हणायच्या आत कात्री घेतली (कात्री तिच्याकडंच होती) आणि दोन्ही अंगांचे काठ सरळ कापून काढले. हात जरा बी थांबला न्हाई.

मी म्हटलं, अगं लग्नाचं हाय ते. तर म्हणते, "व्हय आत्याबाई. हे नेसवलं तवा मला नेसता येत नव्हतं. चालताना पायात आलं न् मी मांडवात पडले होते. लोक हसले होते." आणि काठ आठ जागी मोजून कापायला लागली.

उधळी हाय जरा. पण परकर असे दिसतात, असे दिसतात की मी सगळे दोरीवर टाकून लांब जाऊन बघून आले. चार पिवळे, चार तांबडे. वाऱ्यानं हालायले तर शेवंती न् झेंडूचा वाफाच.

वद्य द्वितीया, मंगळवार

उद्या बेगमसाहेबा येणार. शेवटची टीप आत्ता दिवेलागणीला घातली. सकाळपासून शंभर कामं. फुलं तोडली, बेल काढला, बेगमसाहेबांसाठी शेवंतीचा हार केला, तो गुलाबासारखा दाट झालाय. भागूला बरं हाय. नीलू सकाळपासून जेवली न्हाई. नाचायच्या आधी असं व्हायचंच.

परकर शिवून शिवून चुरगळलेले. आपल्याकडं इस्तरी कुठली. तवा मी काय केलं, उद्याच्या पूजेची फुलं जशी ठेवावी तसं केलं. मोठ्या पाटीत केळीचं पान घातलं, परकर एकावर एक ठेवले, एक पिवळा, एक तांबडा, मधी मधी पाण्याचा शिपका, वरून ओलं गोणपाट, परत पान. माझा हार बी त्यातच ठेवला. पन्नास वर्षं माझं एक फूल कधी कोमेजलं न्हाई. सकाळी परकर कसे टवटवीत निघतील.

शांतम्मा विचारत होती परकर कुठं हायत. म्हटलं, त्याची काळजी तू करू नको, व्यवस्थित ठेवलेत.

वद्य चतुर्थी, गुरुवार

काल लिहायला बसणं झालं न्हाई, आज लिहायले. एकेक करून लिहायचं म्हणते, पण मला अजून नीट कळलं न्हाई काय झालं ते.

सकाळी गोणपाट काढलं. हार ताजा, जसाच्या तसा. परकर काढले तर पिवळा कोणता न् तांबडा कोणता ते कळंना. सगळे एका रंगाचे झाले असते तरी बरं होतं. प्रत्येक परकर दोन्ही रंगांचा, जागोजागी, जसा काही रंगपंचमी खेळून आलाय. मला वाटलं उजेड कमी हाय. बाहेर नेऊन बघितलं. उजेड भरपूर होता.

शांतम्मानं एक परकर उचलून पिळून बघितला. मग एवढंच म्हणली, "पाणी शिंपडलं व्हय?"

म्हटलं, शिंपडणार न्हाई तर काय कोमेजू देऊ?

फुलांनी असं कधी केलं न्हाई. पिवळ्या फुलाशेजारी तांबडं ठेवलं तर पिवळं काय तांबडं होतं? कापडाची जातच निराळी म्हणायची. दुसरं कापड घरात न्हाई, गावात न्हाई. उन्हात टाकले, वाळले तसे पोरींना नेसवले. मला वाटलं दिसायला थोडं विचित्र दिसंल, तेवढंच. नाचाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. नीलूच्या आलं. ती परकर हातात घेऊन एवढीशी झाली आणि शाळेकडं पळत सुटली.

बेगमसाहेबा घोड्यावर आल्या न्हाईत, बुरख्यात बी न्हाईत. पडदा लावलेल्या दमणीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून आल्या, चष्मा न् छत्री घेऊन. धुरपताबाईचा चेहरा पडला. आधी पोरींचं वाचन झालं, पाढे झाले, पाटीवर लिहून झालं. बेगमसाहेबा मान हलवायच्या, पण मान हलवण्यावरून काही कळत न्हाई, आमचा बैल बी हलवतो. मग गोफ.

विणताना कसंतरी निभावलं. सोडवताना आन्सा भागूच्या समोर आली आणि दोघी थांबल्या. ही तिच्या परकराकडं बघते, ती हिच्या. दोघी आतून गेल्या. मग मागची बी आतून गेली. एक दोरी दुसरीत, दुसरी तिसरीत, आणि सगळ्या पोरी लिंबाला बांधल्यासारख्या एका जागी. भागू रडायला लागली. नर्मदाबाईंचं तोंड पांढरं पडलं. बेगमसाहेबांनी छत्री ह्या हातातली त्या हातात घेतली.

आणि नेमकं त्याच वेळी फाटकातून शिवलिंग आत आला आणि त्याच्या मागं वसमतचे पाहुणे. शिवरुद्राचा बाप आणि आत्या, कस्तुराबाई. न सांगता आले होते. घरी कुणी न्हाई, सगळ्या बाया इथं, म्हणून तो त्यांना इकडंच घेऊन आला. मी पदर सावरून त्यांना या या म्हणायले, तर मागून एकदम मोठा आवाज आला. आधी वाटलं मळ्यात मोट हाकणारा ओरडला. बघते तर नीलू.

तिनं आपली दोरी कमरेला खोचली होती आणि टिपरी लिंबाच्या खोडावर हाणली. म्हणली, "थांबा सगळ्या. परकराकडं बघू नका. मी नाव घेईन तिनंच हालायचं."

मग एकेकीचं नाव. गोदे, तू आतून. आन्सा, तू बाहेरून. भागे, रडणं मग, आधी वाकून निघ. दोरीकडं बघायची, नाव घ्यायची, परत वर बघायची. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पार वेशीपर्यंत ऐकू गेलं असंल. एकेक गाठ सुटत गेली. शेवटी आठ दोऱ्या सरळ खाली आल्या आणि आठ पोरी उभ्या. कुणी टाळी वाजवली न्हाई, कारण संपलं का न्हाई हेच कुणाला कळंना.

बेगमसाहेबांनी मला बोलावलं. पोरींनी माझ्याकडं बोट दाखवलं होतं, म्हणून. विचारलं, "अम्मा, ये रंग किसने किया?" मला त्यांची भाषा येते, बाजारात बोलावी लागते. म्हटलं, हम फुलारी लोगां, फूल को पानी मारके रखते, कपडे को बी मारे. त्यांनी मग चष्मा काढला, डोळे पुसले, आणि खांदे हालायला लागले. रडायल्यात का हसायल्यात मला कळंना. मी हार घातला. हार त्यांना आवडला.

मग नीलूला बोलावलं. विचारलं, नावानं बोलवायचं तुला कुणी शिकवलं. नीलू मघाशी इतकी ओरडली, आता परकराचा काठ बोटाला गुंडाळायली. खाली बघून म्हणली, "कुणी न्हाई. रंग गेले म्हणून." बेगमसाहेबांनी नाव विचारलं. पूर्ण नाव सांग म्हणल्या, बापाचं बी. ते त्यांनी लिहून घेतलं.

इजाजत दिली न्हाई. कुलूप बी लावलं न्हाई. म्हणल्या, आज तमाशा हाय म्हणून सगळ्या आल्यात, असं तर कुठंबी येतात. मी सुगीत येईन. ज्वारी काढायला सगळं गाव शिवारात जातं तवा किती पोरी इथं बसलेल्या हायत ते बघीन, आणि मग ठरवीन. तोवर शाळा चालू ठेवा. त्यांनी महिना सांगितला फरवर्दी, दिवस बी सांगितला. आमच्यापैकी कुणाला कळंना. नर्मदाबाईंनी बोटं मोजून सांगितलं, म्हणजे आपला माघ.

पाहुणे घरी जेवले. मी पुरण घातलं होतं, बेगमसाहेबांसाठी म्हणून, पण त्या थांबल्या न्हाईत. कस्तुराबाई जेवताना म्हणल्या, "पोरीचा आवाज लय मोठा हाय. आमच्यात दुकान पुढं न् चूल मागं. आतलं बोलणं बाहेर जात न्हाई." मी म्हटलं, आवाज माझ्यावर गेलाय, आमी मळ्यातून मळ्यात बोलणारी माणसं. त्यांना अजून बी सांगणार होते, पण शिवलिंगनं मला मीठ वाढायला सांगितलं. मीठ त्याच्या ताटात होतं.

विडा त्यांनी घेतला न्हाई, म्हणले दात दुखतात. दोघांचे बी. निघताना कस्तुराबाई म्हणल्या, येऊ की, सुगी झाली की येऊ. मी त्यांच्यासाठी पाटीभर शेवंती बांधून ठेवली होती. गाडी गेल्यावर बघते तर पाटी ओसरीवरच. घाईत विसरल्या असतील.

किती आनंदाचा दिवस होता. दोन्ही पाहुणे परत येतो म्हणले. पण शिवलिंग उपाशी झोपल्यासारखा पडला होता, जेवून बी.

वद्य सप्तमी, रविवार

आज शिवलिंग म्हणला, "माय, सटवाजीची गाडी उद्या वसमतला जायलीय. त्याच्या हाती निरोप देतो. पोरीचं चुकलं म्हणतो. न् माघात दिवस धरा म्हणतो." सटवाजी आमच्या गल्लीतला गाडीवान. गाडी त्याची, बैल दुसऱ्याचे.

शांतम्मा दारात उभी होती, हातात घागर, रिकामीच. नीलू अंगणात खुरपत होती, पण खुरपं एकाच जागी हालत होतं.

मला काही कळंना. पोरीचं काय चुकलं? पाणी मी शिंपडलं. दोऱ्या तिनं सोडवल्या. चुकलं म्हणायचं तर माझं म्हणा, मी वसमतला जाऊन सांगते, तिथला गूळ बी बघून येईन. हे मी बोलले न्हाई. दुसरंच बोलले. म्हटलं, "माघ न्हाई. माघात बेगमसाहेबा यायच्यात. एका महिन्यात दोन ठिकाणचे पाहुणे माझ्यानं व्हायचे न्हाईत, शिवलिंग. ज्वारीबी त्याच महिन्यात."

म्हणला, "मग फाल्गुनात?"

म्हटलं, "फाल्गुनात कसं? तोवर त्या इजाजत देऊन गेलेल्या असतील. शाळा हाय तवर पोर शाळेत, हे तुझंच बोलणं की. आता वसमतकरांना बोलवायचं न् परत घालवायचं, ते बरं दिसंल का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी पाटात पडला होता, मी काढलं होतं, तवा असाच बघत होता. मग म्हणला, "आणि इजाजत न्हाई दिली तर?"

म्हटलं, सुगीत पोरी बसल्या तर देतील. बसवायच्या.

त्यानं चप्पल घातली आणि मळ्यात गेला. आज मोटेची पाळी आमची नव्हती, तरी गेला. संध्याकाळी सटवाजी विचारायला आला, काही निरोप हाय का. शिवलिंग म्हणला, न्हाई.

आता मला कळंना मी लगीन मोडलं का काय. मोडलं असंल तर चांगलं स्थळ हातचं गेलं, शांतम्मा मला बोल लावंल. पण ती बोल लावत न्हाई. तिनं आज माझ्या भाकरीवर तूप घातलं, मी नको म्हणले तरी परत घातलं. आणि जात्यावर बसून ओव्या म्हणायली, नवीन आल्यापासून मी तिचा आवाज असा ऐकला न्हाई. तिचा बी मोठा हाय की.

मी ठरवलंय, सुगीत शेवंती तोडायला नीलू नको. ती, भागू, आन्सा, सगळ्या शाळेत. मळ्याचं मी, शांतम्मा आणि धुरपताबाई बघू. धुरपताबाईला अजून सांगितलं न्हाई. नीलू आज जेवली, दोन भाकरी, आणि जेवल्या हातानं घरोघर पोरींना सांगायला गेली की ज्वारीच्या दिवसांत कुणी घरी राहायचं न्हाई. कुणाच्या आयांनी काय उत्तर दिलं ते उद्या कळंल, दोघीतिघी तर भांडायलाच येतील.

वसमतकर सुगी झाली की येतो म्हणलेत, दिवस काही सांगितला न्हाई. बेगमसाहेबांनी सांगितलाय. माघी पुनव झाली की येणारा पहिला बुधवार.